दाढेतली जुनी चांदी काढून नवीन भरून घ्यावं का? दातांच्या साहित्यात हल्ली नवीन काय आलंय?

मी दंतवैद्य आहे, रोज हेच काम करतो. तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाबद्दल बरंच लिहिता येईल, पण पहिला आधी निकालात काढतो. वीस वर्षांची चांदी दुखत नसेल, कडेला कीड नसेल, दाढेला चीर नसेल तर तिला हात लावू नका. ही चांदी म्हणजे धातूंचं मिश्रण, तिच्यात वजनाने जवळजवळ निम्मा पारा असतो हे खरं, आणि युरोपीय संघाने २०२५ पासून ती भरणं जवळपास बंदही केलंय. पण ती बंदी मुख्यतः पर्यावरणात जाणाऱ्या पाऱ्यासाठी आहे. बसलेली चांदी खरवडताना पाऱ्याची वाफ उलट जास्त निघते, शिवाय थोडी चांगली दाढही कापली जाते.

आता नवीन काय ते. चांदीऐवजी भरतात त्या दातांच्या रंगाच्या कंपोझिटची जुनी खोड म्हणजे घट्ट होताना ते आकसतं. दोन-तीन टक्केच, पण तेवढ्याने कडेला केसाएवढी फट पडते, थंड पाणी प्यायलं की कळ येते आणि पुढे तिथूनच कीड शिरते. म्हणून दोन-दोन मिलिमीटरचे थर द्यायचे आणि प्रत्येकावर निळा लाइट मारायचा. बल्क-फिल कंपोझिटचा चार मिलिमीटरचा थर एकदम चालतो, कारण ते जरा पारदर्शक असतं आणि लाइट तळापर्यंत जातो. तोंड उघडून बसायचा वेळ वाचतो, हा फायदा पेशंटलाच जास्त कळतो.

पण भरण टिकतं ते बाँडिंगवर, म्हणजे ते दाताला किती पक्कं चिकटतं यावर. एनॅमलचा, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण थराचा, प्रश्न १९५५ सालीच अमेरिकन दंतवैद्य मायकल ब्युनोकोर यांनी सोडवला: आम्ल लावून ते खरखरीत करायचं. धुऊन वाळवल्यावर एनॅमल खडूसारखं पांढरं दिसलं की माझा जीव भांड्यात पडतो. त्रास देतं ते आतलं ओलसर डेंटिन. आजच्या बऱ्याच ‘युनिव्हर्सल’ बाँडिंग द्रवांमध्ये एमडीपी नावाचा रेणू असतो, तो थेट दातातल्या कॅल्शियमला धरतो. रेणू १९८० च्या दशकातला, एकाच बाटलीत सगळं ही सोय अलीकडची.

कॅपमध्ये बोलबाला झिरकोनिया या पांढऱ्या सिरॅमिकचा. चीर पुढे सरकू लागली की तिच्या टोकाशी त्याचे स्फटिक रूप बदलून किंचित फुगतात आणि चीर तिथेच चिमटली जाते. मात्र हे पहिलं झिरकोनिया दिसायला बेसिनच्या भांड्यासारखं, पांढरं आणि निर्जीव. त्यात यिट्रिया नावाचं ऑक्साइड वाढवून ते पारदर्शक केलं, तर फुगण्याचा गुणच बराचसा गेला आणि ताकद खाली आली. तेव्हा नुसतं ‘झिरकोनिया’ ऐकून खूश होऊ नका. दाढेला मजबूत हवं, पुढच्या दाताला देखणं. पुढच्या दातासाठी मी बऱ्याचदा लिथियम डायसिलिकेट हे काचेसारखं सिरॅमिक घेतो. मशीनमध्ये कोरताना त्याची वडी चक्क जांभळट असते, भट्टीतून बाहेर येते ती दातांच्या रंगाची होऊन. पहिल्यांदा पाहणारा हमखास विचारतो, हा रंग माझ्या तोंडात?

मला विचाराल तर खरी मजल मारलीय ती कॅल्शियम सिलिकेट सिमेंटने. कुळ बांधकामातल्या पोर्टलँड सिमेंटचं! दातात ओल असतेच आणि याला घट्ट व्हायला ओलच लागते. कीड दातातल्या नसेला जाऊन भिडली असेल आणि नस अजून जिवंत असेल, तर हे लावल्यावर खाली नवं डेंटिन धरू शकतं. पूर्वी अशा दाढेचं मी सरळ रूट कॅनाल करायचो, आता त्यातल्या काही वाचतात.

कंपोझिटचं मात्र उलट, त्याला थुंकीचा थेंबही खपत नाही. तुमची चांदी काढायची वेळ आलीच, तर कंपनी कोणती हे नंतर विचारा. आधी विचारा, रबर डॅम, म्हणजे दात थुंकीपासून कोरडा ठेवणारा रबराचा पडदा, लावणार ना?