चोपचिनीतला चोप आणि चिनी

प्रश्न असा आहे की आजीच्या जुन्या औषधांच्या वहीत "चोपचिनी १ तोळा" असं लिहिलंय, तर ही चोपून बारीक केलेली साखर का, कारण हिंदीत साखरेला चीनी म्हणतात. आणि दुसरं म्हणजे वैद्यांनी तेच पान बघून "ही तर द्वीपांतर वचा" असं सांगितलं, मग दोन्ही एकच का?

साखरेचा काही संबंध नाही, चोपण्याचाही नाही. आणि हो, दोन्ही एकच.

शब्द फारसी आहे, चोब-ए-चीनी. चोब म्हणजे लाकूड, काठी. चीनी म्हणजे चीन देशाची. मधला "ए" आपल्याकडे येता येता गळला आणि चोबचं चोप झालं. हाच चोब तुम्ही दुसरीकडे रोज नाही तरी दर आषाढीला ऐकता, चोपदार! मूळ चोबदार, म्हणजे काठी धरणारा. पालखी तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदार हातातला दंड उंच करतात आणि एवढा मोठा जमाव गप्प होतो, तो दंड आणि आजीच्या वहीतलं औषध हे शब्दाच्या नात्यानं सख्खे आहेत. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार आनंद झाला होता, आजही होतो.

आता ही "चिनी" एकटी नाहीये. दालचिनी घ्या. फारसीत दार-चीनी, दार म्हणजे झाड किंवा लाकूड, र चा ल झाला. हा दार आणि आपल्या देवदारातला दारु हे एकाच जुन्या मुळाचे (चोपदारातला दार मात्र वेगळा, तो "धरणारा, बाळगणारा", किल्लेदार जहागीरदार मधला, तिथे गल्लत करू नका). रेवाचिनी, हीही एक औषधी मुळी, म्हणजे रेवंद-ए-चीनी, ती खरंच चीनची, तिकडे तिला दाह्वांग म्हणतात म्हणजे "मोठं पिवळं". पण कबाबचिनी बघा, आपलं कंकोळ, ते जावा सुमात्राकडचं, चीनशी त्याचा जन्माचा संबंध नाही, तरी नावात चिनी आहेच. म्हणजे हे "चिनी" बऱ्याचदा पूर्वेकडच्या समुद्रातून आलेल्या मालावरचं व्यापाऱ्यांचं लेबल आहे, सातबारा नव्हे.

चोपचिनीच्या बाबतीत मात्र लेबल बरोबर आहे. ही स्मायलॅक्स नावाच्या वेलीची जमिनीखालची गाठाळ मुळी, वाळवून ठेवलेली, कडक, आतून फिकट गुलाबी किंवा पांढरट, पिठूळ आणि चवीला जवळपास सपक. चीनमध्ये औषधात जी जास्त चालते तिला तुफुलिंग म्हणतात, पातळ काप करून विकतात, दक्षिणेतल्या ग्वांगशी प्रांतात कासवाच्या कवचाचं जे काळं जेलीसारखं औषध खातात त्यातही ती असते. आणि गंमत म्हणजे या नावात चीन नाहीच! फुलिंग ही पाइनच्या मुळांवर वाढणारी एक बुरशी, तिथलं फार मानाचं औषध, आणि "तु" म्हणजे माती, गावठी, इथलं. म्हणजे गावठी फुलिंग. आपण गावठी तूप, गावठी कोंबडी म्हणतो ना तसं. जी वस्तू आपल्याला "चिनी" ती त्यांना "गावठी".

आता द्वीपांतर वचा. वचा म्हणजे वेखंड, द्वीपांतर म्हणजे दुसऱ्या बेटावरचं, समुद्रापलीकडचं. वेखंडाशी वनस्पती म्हणून हिचं नातं नाही, पण नवीन वस्तू आली की ओळखीच्या वस्तूचं नाव देऊन पुढे एक विशेषण लावायचं ही जुनी सवय. हे नाव भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात येतं, सोळावं शतक, आणि येतं कशावर तर फिरंग रोगावर. फिरंग रोग म्हणजे आजचा सिफिलिस, फिरंगी लोकांबरोबर आला म्हणून फिरंग. आधीच्या ग्रंथांत ना हा रोग ना हे औषध, दोन्ही एकाच सुमारास जहाजातून उतरलेले. त्याच शतकात तिकडे चीनमध्ये ली शिचेन या वैद्यांचा औषधींचा प्रचंड कोश तयार झाला, १५७८ मध्ये लिहून पूर्ण आणि १५९६ मध्ये छापला गेला, त्यातही तुफुलिंग याच रोगावर सांगितलीये. आणि रोगाचं एक चिनी नाव "ग्वांगतुंगचे फोड", कारण तो दक्षिणेतल्या बंदरांकडून वर पसरला. आपण फिरंग्यांवर नाव टाकलं, त्यांनी ग्वांगतुंगवर.

यात गोवा तर अगदी मध्यावर आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहायचा, त्याचं औषधींवरचं संवादरूपी पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं, त्यात "चीनचं मूळ" यावर वेगळा संवाद आहे. पोर्तुगीज जहाजांतून हे मूळ युरोपात गेलं, सम्राट पाचवा चार्ल्स गाऊटसाठी, म्हणजे सांधे सुजून दुखण्याच्या आजारासाठी, त्याचा काढा घ्यायचा, आणि शरीररचनाशास्त्रवाला व्हेसालियस, त्यानं १५४६ मध्ये या मुळावर अख्खं पत्र छापलं. (सिफिलिसवर आता पेनिसिलिन आहे, वही बघून घरी काढे करू नका ही कळकळीची विनंती.)

आपल्या सह्याद्रीत हिची बहीण आहे, घोटवेल. काटेरी, पानावर ठळक शिरा, ट्रेकला जाणाऱ्यांच्या पँटला अडकते ती. तीही स्मायलॅक्सच, पण चोपचिनी म्हणून ती घेऊ नये, जात वेगळी.

राहिलं लिहिण्याचं. फारसी पाहून कुणी चोबचीनी लिहायचा आग्रह धरतात, मला तो पटत नाही, मराठीत चोपदार चालतो तर चोपचिनीही चालते, चि ऱ्हस्व, दालचिनीसारखी, आणि स्त्रीलिंगी, ती चोपचिनी. दुकानात विचारायचं असेल तर काष्ठौषधीवाल्याकडे याच नावानं विचारा. काष्ठ म्हणजे तरी काय, लाकूडच, म्हणजे चोब. तुमच्या आजीनं लिहिलंय ते जसंच्या तसं बरोबर आहे.