पॉइंट्सवर ॲनिव्हर्सरी: आधी महिना ठरव, मग समुद्र

भावा, हॉटेल कंपन्यांचे, फुकट खोली मिळवून देणारे पॉइंट्स साठले आणि लग्नाचा वाढदिवस जवळ आला की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे मालदीव येतं. तिथं खोली पॉइंट्सवर मिळते, पण बेटावर नेणाऱ्या सीप्लेनचे किंवा स्पीडबोटीचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे मोजावे लागतात, आणि जेवणाचेही. पहिल्या खेपेला मी तुला दक्षिण गोवाच सांगेन. कोल्हापुरातून पहाटे निघालास तर आंबोलीत चहा घेऊन दुपारच्या आत पोचशील.

तुमची तारीख जून ते सप्टेंबरमध्ये असेल, तर मात्र समुद्र खवळलेला असतो, पोहता येत नाही आणि किनाऱ्यावरच्या बऱ्याच खाणावळी, म्हणजे शॅकही, बंद असतात. सरळ नोव्हेंबरात जा. वहिनींना गर्दी नको असेल तर कळंगुट-बागा सोड, दक्षिणेतलं बाणावली, केळशी (कॅव्हेलोसिम), आगोंद बघ.

पॉइंट्स खर्चायच्या आधी त्याच रात्रीचं रोख भाडं करासकट बघ. भाडं स्वस्त असेल तर पैसे भर, पॉइंट्स राखून ठेव. मॅरियटच्या हॉटेलांत सलग 5 रात्री पॉइंट्सवर घेतल्या तर 4 रात्रींचेच पॉइंट्स जातात. त्यामुळे 4 रात्रींचा बेत असेल तर पाचवी जोडच.

आणि खोली कुठली, ते हॉटेलला फोन करून विचार. आमच्या लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला ‘गार्डन व्ह्यू’ म्हणून मिळालेल्या खोलीचा पडदा सरकवला, तर समोर जनरेटर आणि धुतलेल्या चादरींची रांग! बायको काही बोलली नाही, पण तिचा उतरलेला चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून लग्नाचा वाढदिवस आहे हे मी बुकिंगच्या वेळीच सांगतो.