सुई टोचली, पण कुणी काहीच सांगितलं नाही

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. मी तालुक्याच्या गावी खासगी हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. सहा दिवसांपूर्वी नाइटला इंजेक्शन दिल्यावर सुईला टोपण लावताना बोटात टोचली. सिनियर सिस्टरनी बोट दाबून रक्त काढायला लावलं, वरून स्पिरिट ओतलं. दुसऱ्या दिवशी पेशंट एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाला, आता त्याच्या बेडवर लाल पाटी लावलीय. मला काही होईल का? झोप लागत नाही. हब कटर, म्हणजे वापरलेली सुई कापायचं यंत्र, ड्रेसिंग रूममध्येच असतो.

उत्तर : ताई, आधी घाबरणं थांबवा. पॉझिटिव्ह रक्ताची सुई टोचली तरी लागण हजारात साधारण तिघांना होते. पण तुम्हाला त्याच रात्री सांगायला हवं होतं की लागण टाळायच्या गोळ्या असतात, शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा 72 तासांत चालू करायच्या, 28 दिवस घ्यायच्या, सरकारी हॉस्पिटलात फुकट मिळतात. ती वेळ आता गेली, याचं मला फार वाईट वाटतं. आजच आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या सरकारी सल्ला-तपासणी केंद्रात, जाऊन टेस्ट करा, मग सहा आठवड्यांनी, तीन आणि सहा महिन्यांनी परत करा, तोवर कंडोम वापरा, रक्तदान नको. आणि हिपॅटायटिस बी ची लस झालीय का तेही आजच बघा, कारण लस नसेल तर सुईतून त्याची लागण एचआयव्हीपेक्षा कितीतरी सहज होते आणि त्याबद्दल वॉर्डात कुणी बोलतच नाही.

बोट दाबायचं नसतं, स्पिरिटही नको, साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवायचं, बस्स. तुमच्या सिस्टरांचा दोष नाही, त्यांनाही कुणी शिकवलं नसणार. पण हॉस्पिटलचा आहे. 2017 चा एचआयव्ही कायदा सांगतो की स्टाफला ट्रेनिंग, ग्लोव्हज आणि या गोळ्या द्यायची जबाबदारी हॉस्पिटलची.

त्याच कायद्यानं पेशंटचं स्टेटस गुप्त ठेवायचं असतं, म्हणून ती पाटी आजच्या आज काढायला लावा. तिच्यानं तुमचं रक्षण होत नाहीच, उलट शेजारच्या बेडवरचा पेशंट, ज्याची टेस्टच झाली नाही, तो सेफ आहे असं वाटायला लागतं. काळजी प्रत्येकाच्या रक्ताची सारखीच घ्यायची. तुम्हाला टोचली तेव्हा तरी कुठं माहीत होतं?

टोपण परत लावायचंच नाही. हब कटर ट्रेवर घेऊन बेडपाशी न्यायचा, सुई तिथंच कापायची. रात्री मनात काही आलं तर एड्स हेल्पलाइनचा 1097 नंबर फुकट लागतो, मराठीतही बोलतात. पहिला रिपोर्ट आला की मला कळवा.