भट्टी थंडावली, अंगणातल्या मातीचे काय?

प्रश्न : आमच्या घरापासून साधारण अर्ध्या किलोमीटरवर शिसे आणि जस्त गाळण्याचा कारखाना होता. तो बंद पडून बरीच वर्षे झाली. विहिरीचे पाणी तपासून घेतले, ते चांगले निघाले. तरी परिसरातील मातीत शिसे आहे, अशी चर्चा कानावर येते. माझी दीड वर्षाची नात दिवसभर अंगणात खेळते. सूनबाई धास्तावली आहे, तर मुलाचे म्हणणे असे की भट्टीच बंद आहे, मग भीती कसली? नात दिसायला ठणठणीत आहे. आम्ही काय करावे? रक्तशुद्धीच्या औषधाचा उपयोग होईल का?
— एक आजी

उत्तर : आजी, तुमच्या सूनबाईंची काळजी रास्त आहे. धुराबरोबर येऊन जमिनीवर बसलेले शिसे कुजत नाही, विरत नाही आणि पावसाच्या पाण्याबरोबर फारसे खोलही उतरत नाही. मातीतील सेंद्रिय अंश आणि चिकणमातीचे कण त्याला धरून ठेवतात, त्यामुळे जमीन उकरली गेली नसेल तर ते वरच्या काही सेंटिमीटरांतच राहते. म्हणून विहिरीचे पाणी चांगले आणि अंगणाची माती दूषित, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. झांबियातील काब्वे येथील शिशाची खाण आणि भट्टी 1994 मध्ये बंद झाली. त्यानंतर जन्मलेल्या तेथील मुलांच्याही रक्तात शिशाचे प्रमाण धोकादायक पातळीवर आढळले आहे.

आता नातीकडे पाहू. ती जमिनीवर हात टेकते, खेळणे उचलते, तेच तोंडात घालते, मग बोटे चोखते. ओलसर तळहाताला मोठे खडे चिकटत नाहीत. चिकटते ती डोळ्यांना नीट न दिसणारी बारीक धूळ, आणि भट्टीजवळच्या मातीत शिशाचे प्रमाण बहुधा याच बारीक कणांत अधिक असते. लहान मूल दिवसाला साधारण 100 ते 200 मिलिग्रॅम माती आणि धूळ गिळते, असे जोखमीचे गणित मांडताना धरतात. हे चिमूटभरही नव्हे. पण मातीत किलोमागे 1000 मिलिग्रॅम शिसे असेल, तर त्या 100 मिलिग्रॅममधून 100 मायक्रोग्रॅम शिसे रोज पोटात जाते. शिवाय गिळलेल्या शिशापैकी जेवढे प्रौढांच्या शरीरात शोषले जाते, त्याच्या चार ते पाच पट लहान मुलांच्या शरीरात शोषले जाऊ शकते. पोट रिकामे असेल किंवा शरीरात लोह आणि कॅल्शियम कमी असेल, तर हे शोषण आणखी वाढते.

नात ठणठणीत दिसते, हे वाचून बरे वाटले. परंतु त्यावर विसंबून राहू नये. पोटदुखी, बद्धकोष्ठता, फिकटपणा, झटके ही लक्षणे बहुधा प्रमाण बरेच चढल्यावर दिसतात. त्याच्या कितीतरी आधी बुद्धी, एकाग्रता आणि वर्तन यांवर परिणाम होऊ लागतो, आणि तो पुढे भरून निघेल याची खात्री देता येत नाही. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. डेसिलिटरमागे 5 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे रक्तात आढळल्यास ते कोठून येते याचा शोध घेऊन ते थांबवावे, असे ही संघटना सांगते.

म्हणून पहिले काम नातीच्या रक्ताची तपासणी. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात कातडीवरची धूळ मिसळून आकडा फसवा येऊ शकतो. तो जास्त आला तर शिरेतून रक्त घेऊन खात्री करावी. त्याच सुमारास माती तपासून घ्यावी. नमुना खोल खड्ड्यातून न घेता वरच्या दोन-तीन सेंटिमीटरांतून घ्यावा, आणि तो खेळण्याच्या जागेतून, पागोळ्या पडतात तेथून आणि दारापुढून वेगवेगळा घ्यावा. प्रयोगशाळेला शिशाबरोबर कॅडमियम आणि आर्सेनिकही मोजायला सांगावे, कारण शिसे-जस्ताच्या खनिजात हे सोबती बहुधा असतातच. कॅडमियम मूत्रपिंडात वर्षानुवर्षे साठते. दीर्घकाळ पोटात गेलेल्या आर्सेनिकमुळे त्वचा, फुप्फुस आणि मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. तुलनेसाठी सांगतो : अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2024 मध्ये निवासी मातीतील शिशासाठी पुढील चौकशीची पातळी किलोमागे 400 मिलिग्रॅमवरून 200 वर आणली.

अहवाल येईपर्यंत नातीला उघड्या मातीवर खेळू देऊ नका. चपला-बूट उंबऱ्याबाहेर काढा, कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने फरशी पुसा, खाण्यापूर्वी आणि झोपण्यापूर्वी तिचे हात साबणाने धुवा, खेळणीही धुवा. अंगणातील भाज्या पिकवत असाल, तर पालेभाज्या आणि कंदमुळे तूर्त टाळा. पानांवरची धूळ धुऊन जाते, मात्र मुळांवाटे पानांत चढलेले कॅडमियम धुऊन जात नाही.

तथापि हा सगळा भार सूनबाईंच्या फडक्यावर टाकून इतरांनी मोकळे व्हावे, हे मला मुळीच मान्य नाही. केवळ घरातील धूळ पुसण्याने आणि आईवडिलांना सूचना देण्याने मुलांच्या रक्तातील शिसे खात्रीने उतरते, असे आजवरच्या चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणात दिसलेले नाही. बाहेरची माती तशीच राहिली, तर पुसलेल्या फरशीवर ती दुसऱ्या दिवशी पुन्हा येते. अमेरिकेतील आयडाहो राज्यातल्या बंकर हिल भट्टीत 1973 मध्ये धूर गाळणाऱ्या यंत्रणेला आग लागली आणि तरीही उत्पादन चालू ठेवले गेले. पुढच्याच वर्षी आसपासच्या मुलांच्या रक्तात शिशाचे भयंकर प्रमाण आढळले. तेथे पुढे घरोघरच्या अंगणांतील वरची माती काढून स्वच्छ माती भरण्यात आली, आणि मुलांच्या रक्तातील शिसे उतरत गेले. अशी मागणी एकट्या घराने न करता वस्तीने मिळून, तपासणीचे आकडे हाती घेऊन, प्रशासनाकडे लेखी करावी. तोवर उघडी जमीन दाट गवताने, खडीने किंवा फरशीने झाकणे, हा चांगला तात्पुरता उपाय आहे.

रक्तशुद्धीच्या औषधाच्या नादी लागू नका. काही पारंपरिक औषधांतच शिसे आढळलेले आहे. शिसे बाहेर काढणारी खरी औषधे आहेत, पण ती मुलांमध्ये सामान्यतः डेसिलिटरमागे 45 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक प्रमाण असताना, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली देतात, आणि तीही मूल दूषित जागेपासून दूर ठेवूनच.

प्रश्न : माझे बालपण अशाच एका भट्टीशेजारी गेले. आता मी दूर राहते आणि आम्ही बाळाचा विचार करत आहोत. जुन्या शिशाचा बाळाला त्रास होईल का?
— एक वाचक

उत्तर : शक्यता आहे, म्हणूनच आधी तपासणी करून घेणे उत्तम. रक्तातील शिसे काही आठवड्यांत कमी होऊ लागते, पण त्याचा मोठा हिस्सा हाडांत जाऊन दशकानुदशके राहतो. गरोदरपणात बाळासाठी हाडांतून कॅल्शियम निघते, त्याबरोबर हे शिसेही रक्तात उतरते आणि वारेतून गर्भापर्यंत पोहोचते. आहारातून पुरेसे कॅल्शियम मिळाल्यास हाडांची ही झीज कमी होते, म्हणून कॅल्शियम आणि लोह कमी असल्यास ते डॉक्टरांच्या सल्ल्याने आताच भरून काढावे. भट्टीशेजारच्या बालपणाची माहिती तुमच्या प्रसूतितज्ज्ञांना पहिल्याच भेटीत द्या. त्यांनी विचारले नाही, तरी सांगा.