मुलगी कॅडी व्हायचे म्हणते तेव्हा

शाळा संपत आलेल्या आपल्या मुलीने गोल्फच्या मैदानावर कॅडी, म्हणजे खेळाडूची बॅग वाहणारा आणि त्याला सल्ला देणारा मदतनीस, म्हणून काम करायचे ठरवले आहे, आणि ‘दुसऱ्यांच्या बॅगा उचलायला का आपण एवढ्या लांब परदेशात आलो?’ असे आपण उद्वेगाने विचारले आहे. उद्वेग समजण्याजोगा असला, तरी बॅग उचलणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे.

चेंडू ज्या खळग्यात घालायचा तिथला झेंडा दीडशे यार्डांवर, वारा समोरून आणि मध्ये बंकर म्हणजे वाळूचा खड्डा, अशी स्थिती डोळ्यांसमोर आणावी. सकाळी मैदान पायी फिरून वहीत टिपलेली अंतरे पाहून, त्यांत चढ आणि वारा जमेस धरून, कोणता क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, योग्य हे कॅडीने काही सेकंदांत सांगायचे असते. आणि खेळाडूने दुसराच मागितला, तर कपाळाला आठी न घालता तोच हातात द्यायचा असतो. फटका बसला की उखडलेली हिरवळ जागेवर दाबायची, बंकरमधली पावले दाताळ्याने पुसायची आणि तरीही खेळाडूच्या मागे पडायचे नाही.

चूक कॅडीची असली तरी दंड खेळाडूला होतो, हे मुलीला आधीच सांगावे. बॅगेत १४ पेक्षा जास्त क्लब चालत नाहीत. २००१ च्या ब्रिटिश ओपनच्या अखेरच्या दिवशी इयन वूसनम आघाडीच्या शर्यतीत असताना दुसऱ्या टीवर, म्हणजे दुसऱ्या खळग्याचा पहिला फटका मारायच्या जागी, त्यांच्या बॅगेत पंधरावा निघाला आणि त्यांना दोन फटक्यांचा दंड झाला. मोजणी कॅडीकडून राहून गेली होती.

पैशाबाबत मात्र आपली काळजी रास्त आहे. गोल्फ खेळायच्या संस्थेत, म्हणजे गोल्फ क्लबमध्ये, फेरीगणिक मेहनताना आणि वर बक्षिसी मिळते, पावसात खेळ बुडाला तर काहीच नाही. व्यावसायिक स्पर्धांत आठवड्याची ठरलेली रक्कम आणि खेळाडूच्या बक्षिसातला हिस्सा, विजेतेपदाला साधारण १० टक्के, अशी रीत आहे. प्रवास व मुक्काम मात्र बहुधा स्वतःच्या खिशातून. तिथवर पोचणारे थोडेच, म्हणून शिक्षण सोडू देऊ नये. अमेरिकेत राहत असल्यास १९३० पासून चालत आलेल्या इव्हान्स शिष्यवृत्तीची चौकशी जरूर करावी: मैदानावरचे काम, गुण आणि आर्थिक गरज पाहून ती निवडक कॅडींच्या महाविद्यालयीन शुल्काचा आणि निवासाचा भार उचलते.

एक गोष्ट आपल्यासारख्या कुटुंबांच्या हमखास नजरेतून सुटते. कॅडी अनेकदा क्लबचे नोकर नसून स्वतंत्र व्यावसायिक गणले जातात, त्यामुळे मुलगी अवलंबितांच्या किंवा विद्यार्थी व्हिसावर असेल, तर अशा कामाची परवानगी आहे का, हे पहिला रुपया-डॉलर हातात पडण्यापूर्वी जाणकाराकडून लेखी विचारून घ्यावे.

खेळाडू छोट्या गाड्यांतून मैदानावर फिरतात अशा गोल्फ क्लबांत कॅडींना फारसे काम नसते. खेळाडू पायी चालतात असा क्लब शोधून तिथल्या कॅडीप्रमुखांना हंगाम सुरू होण्याआधी तिने स्वतः भेटावे. त्याआधी घरीच पंधरा किलोंची बॅग खांद्याला लावून तिला आठ-दहा किलोमीटर चालायला सांगावे, अठरा होलांची, म्हणजे खळग्यांची, पूर्ण फेरी साधारण तेवढीच असते. आपणही रिकाम्या हाताने का होईना, सोबत चालावे.