पुणे ते सावंतवाडी इलेक्ट्रिक गाडीने: चार्जिंगची वही आणि पेठ नाक्याजवळचं पंक्चर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून सावंतवाडीला आईवडिलांना घेऊन इलेक्ट्रिक कारने जायचंय, वाटेत चार्जिंगचं कसं जमवायचं, आणि गाडीत स्टेपनीच दिलेली नाही तर पंक्चर झाल्यावर करायचं काय?

जा की. याच रस्त्याने मी तीन वर्षांत सहा वेळा जाऊन आलोय, दोनदा आईला घेऊन. पहिल्या वेळी मला फक्त चार्जिंगची धास्ती होती. आता चार्जिंगची वाटत नाही, टायरची वाटते. खरं तर दोन्ही एकत्र अंगावर आली तर काय, याची वाटते. तेच जरा सविस्तर सांगतो.

आधी हिशेब. कंपनीने छापलेला रेंजचा, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती जाते त्याचा, आकडा विसरून जा. माझ्या गाडीची बॅटरी 40 युनिटच्या आसपास आहे आणि हायवेला 90 च्या वेगाने ती युनिटला साडेसहा किलोमीटरचं ॲव्हरेज देते. 110 ने पळवली की तेच साडेपाचवर येतं. वाटेतल्या फास्ट चार्जरवर 80 टक्क्यांच्या पुढे चार्जिंग मंदावतं, म्हणून तिथे 80 लाच उठायचं आणि 15 च्या खाली जायचं नाही, असं धरलं तर हातात राहतात 65 टक्के, म्हणजे 26 युनिट. साधारण 170 किलोमीटर. मी 150 च धरतो. घरून निघताना अर्थातच 100 करून निघा.

घाटाचा खर्च वेगळा लावायचा. माणसं-सामान धरून पावणेदोन टनाची गाडी हजार मीटर वर न्यायला नेहमीच्या खर्चावर 5 युनिट जास्तीचे लागतात. आंबोली समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आत-बाहेर आहे. त्यामुळे सावंतवाडीहून परतताना त्या घाटाला साडेतीन युनिट जास्तीचे गेले तर घाबरू नका. जाताना तोच घाट उतरताना त्यातले दोनेक युनिट परत मिळतात. पहिल्यांदा उतरताना टक्के वाढलेले बघून आमच्या मातोश्री म्हणाल्या होत्या, "मग वरूनच का नाही निघत आपण?"

आता चार्जर. फोनमध्ये सहा-सात ॲप ठेवावे लागतात आणि प्रत्येकाच्या वॉलेटमध्ये शंभर-दोनशे रुपये अडकून पडतात, त्याला इलाज नाही. ते वॉलेट घरी वायफायवर बसूनच भरा. मोबाइलला रेंज नसलेल्या जागी ओटीपीची वाट बघत उभं राहण्यासारखा वैताग नाही. सगळ्या कंपन्यांचे चार्जर एका नकाशावर बघायला मी प्लगशेअर वापरतो, कारण तिथे आधी जाऊन आलेले लोक गन, म्हणजे गाडीला लावायचा चार्जरचा प्लग, चालली की नाही ते लिहून ठेवतात. तारीख बघायची. चार महिन्यांपूर्वीचा शेरा असेल तर तो नसल्यासारखाच.

पण माझा खरा भरवसा वहीवर आहे. दोनशे पानी, साधी. बायको म्हणते, लोक तिकिटं जमवतात, तू चार्जर जमवतोस. नकाशावर ठिपका दिसतो, पण त्या ठिपक्याबद्दलच्या ज्या गोष्टी उपयोगाच्या असतात त्या नकाशावर नसतात. पहिली म्हणजे तो रस्त्याच्या कुठल्या अंगाला आहे. कोल्हापूरकडे जाताना चार्जर पलीकडच्या बाजूला असेल तर डिव्हायडरला कट कुठे आहे हे आधी माहीत हवं, नाहीतर पाच-सात किलोमीटर पुढे जाऊन वळून यायचं आणि चार्ज झाल्यावर पुन्हा तेच. दुसरी, गन किती. एकच गन असेल तर त्या जागेला मी वहीत अर्धाच चार्जर धरतो, कारण तिथे आधीच कुणी लावून जेवायला बसलेला असतो. तिसरी, रात्री कोण असतं. हॉटेलच्या आवारातला चार्जर, पेट्रोल पंपावरचा चार्जर आणि एखाद्या शोरूमच्या कंपाउंडमधला चार्जर दुपारी सारखेच, पण रात्री दहानंतर त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक. हे मला कसं कळलं ते पुढे येतंच. याशिवाय सावली आहे का, बाथरूम बरं आहे का, हे आईवडील बरोबर असताना सगळ्यांत आधी लिहायचं.

आणि फोन करायचा. निघण्याआधी वीस मिनिटं तिथल्या वॉचमनला किंवा काउंटरवर फोन लावा. "चार्जर आहे का?" असं विचारू नका, उत्तर "आहे की" असंच येणार. चार्जर तर असतोच. "आज सकाळपासून एखादी गाडी चार्ज झाली का?" असं विचारा. मग पलीकडचा माणूस जरा थांबतो, आणि त्या थांबण्यातच निम्मं उत्तर मिळतं.

आता तो किस्सा. गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघं, आई धरून, दुपारी उशिराच निघालो. खंबाटकी चढून सातारा मागे टाकला. कराडच्या अलीकडे माझा नेहमीचा थांबा आहे, पण स्क्रीनवर अजून चाळीसेक टक्के होते, आई डुलक्या घेत होती, म्हटलं आता सरळ कोल्हापूरलाच लावू. ही पहिली चूक. कराड ओलांडताना 38 टक्के होते.

सातारा ते कागल रस्ता सहापदरी करायचं काम चालू असल्याने जागोजागी डायव्हर्जन होती. त्या कडेच्या रस्त्यावर खडी, बाइंडिंग वायरचे तुकडे, सळयांची टोकं काय वाटेल ते पडलेलं असतं. एका डायव्हर्जनमधून बाहेर आल्यावर ॲव्हरेज हळूहळू पडायला लागलं. साडेसहाचं सहा, सहाचं साडेपाच. मला वाटलं समोरचा वारा. पेठ नाका जवळ आल्यावर टायरच्या हवेचा दिवा लागला: मागचा डावा, 24. बाकीचे तीन 36 ला होते. म्हणजे टायर मला आठ-दहा किलोमीटर आधीपासून सांगत होता, मीच वाऱ्यावर ढकलत होतो. सपाट रस्त्यावर उगाच ॲव्हरेज पडलं तर आधी हवेचे आकडे बघा. ते बहुतेक गाड्यांत दोन बटणं दाबली की दिसतात.

तिथे हायवेच्या कडेला थांबलो नाही. डायव्हर्जनला कड अशी नसतेच आणि ट्रक अगदी अंगावरून जातात. इंडिकेटर लावून पंचवीस-तीसच्या वेगाने सर्व्हिस रोडवर उतरलो आणि एका उजेडाच्या जागी लावली. 24 हवा होती म्हणून हे करता आलं. टायर पूर्ण बसला असेल तर शंभर मीटरही ओढू नका, रिमने टायरच्या कडा कापल्या जातात आणि मग पंक्चर काढायला काही उरत नाही.

स्टेपनी का नाही, हे तुम्ही जरा चिडून विचारलंय. 2020 मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत बदल केला: टायर ट्यूबलेस असतील, हवा सांगणारी यंत्रणा असेल आणि दुरुस्तीचं किट दिलं असेल तर स्टेपनी दिली नाही तरी चालते. बॅटरीला जागा मिळते हे त्यामागचं एक कारण. किटमध्ये छोटा कॉम्प्रेसर आणि एक बाटली असते. बाटलीतला चिकट द्रव टायरमध्ये सोडला की भोक आतून बुजतं. पण बाटली हा शेवटचा उपाय. हवा हळू जात असेल तर नुसता कॉम्प्रेसर लावायचा, हवा भरायची आणि पंक्चरवाल्यापर्यंत जायचं. मी तेच केलं. खिळा-तुकडा टायरमध्ये दिसला तर उपटू नका, तोच बुचाचं काम करत असतो. बाटली वापरलीच तर पंक्चरवाल्याला आधी सांगा, नाहीतर टायर उघडल्यावर तो पांढरा चिकटा त्याच्या हातावर येतो आणि तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. टायरची बाजू फाटली असेल तर बाटलीचा उपयोग शून्य. आणि तिला एक्स्पायरी असते, आजच बघून घ्या. कॉम्प्रेसर चालवताना गाडी ‘रेडी’ वर, म्हणजे चालू, ठेवा, म्हणजे 12 व्होल्टची छोटी बॅटरी बसत नाही. ती बसली तर मोठी भरलेली असूनही गाडी ढिम्म हलत नाही.

36 हवा भरून तीन किलोमीटरवरच्या पंक्चरवाल्याकडे पोचलो. खांबाला टायर टांगलेला, पिवळा बल्ब, तीच नेहमीची खूण. त्याने कामाला लागण्याआधी विचारलं, "सायेब, ही चालू हाय का बंद?" प्रश्न अगदी रास्त होता. आवाज नाही, थरथर नाही, त्याला कळणार कसं? गाडी बंद करा, हँडब्रेक ओढा, किल्ली खिशात घाला आणि ते त्याला तोंडाने सांगा.

मग त्याने जॅक सरकवला, तो थेट गाडीच्या पोटाखाली. मी ओरडलोच, "दादा, मधे नको! खाली बॅटरी आहे."

"मग लावू कुठं?"

तुमच्या प्रश्नात जे नाही आणि सगळ्यांत महत्त्वाचं आहे, ते हेच. बॅटरी सीटांच्या खाली पूर्ण पसरलेली असते. जॅक तिच्या पत्र्यावर टेकला तर दीडशे रुपयांच्या पंक्चरपायी काही लाखांचं नुकसान होऊ शकतं. जॅक लावायच्या जागा दरवाजाखालच्या कडेला, चाकांजवळ ठरलेल्या असतात. त्यांचं चित्र गाडीच्या पुस्तकात असतं. घरीच वाकून बघा, फोनमध्ये फोटो काढून ठेवा आणि पंक्चरवाल्याला तोच दाखवा. आमच्या दादाने जुन्या टायरचा एक तुकडा मधे घालून बरोबर त्या जागी जॅक लावला, दोन इंची तारेचा तुकडा काढला आणि काम चोख केलं. पण त्याच्याकडे आधी ट्रकची दोन चाकं पडलेली होती, त्यात दीड तास गेला.

टायरचं काम तिथे संपलं, पण त्या दीड तासाने पुढचा सगळा हिशेब विस्कटला. पेठहून निघालो तेव्हा 27 टक्के, कोल्हापूरला पोचलो तेव्हा 11 आणि घड्याळात साडेदहा. मी ज्या चार्जरच्या भरवशावर कराडला थांबलो नव्हतो तो एका कंपाउंडमध्ये होता आणि गेटला कुलूप. ॲपवर मात्र हिरवा ठिपका! त्या रात्री वही कामाला आली. पुढच्याच ओळीत सहा किलोमीटरवरच्या हॉटेलचा चार्जर होता, समोर लिहिलं होतं ‘रात्रभर, दोन गन, काउंटरवर विचारा’. 9 टक्क्यांवर गन लावली. आई गाडीतून उतरून एवढंच म्हणाली, "डिझेलची होती तेव्हा निदान भांडण तरी व्हायचं नाही." मी आणि बायको पेठपासून बोलत नव्हतो.

तेव्हापासून प्रत्येक थांब्याला वहीत एक जोडीदार असतो, आणि दोघांपैकी एक तरी रात्रभर उघडा असलाच पाहिजे. शिवाय दोन तास उशीर झाला तर कुठल्या चार्जरवर असेन, हे निघतानाच बघतो. तुम्ही सकाळी सहाला निघालात तर यातलं निम्मं आपोआप सुटतं.

स्टेपनीही मी आता नेतो. आमच्याच मॉडेलच्या पेट्रोल गाडीची जुनी स्टेपनी घेतली, आधी घरी चारही जागी बसवून पाहिली आणि लांबच्या प्रवासाला डिकीत आडवी टाकतो. अर्धी डिकी जाते. आईच्या पिशव्या मांडीवर येतात. जॅक आणि पाना वेगळे घ्यावे लागले. तुमच्या गाडीला कुठली बसेल ते सर्व्हिस सेंटरला विचारून, बसवून बघूनच ठरवा. आणि टो करायची वेळ आलीच तर फक्त फ्लॅटबेड, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक, मागवा. मोटर जोडलेली चाकं (माझ्या गाडीत पुढची) जमिनीवर ठेवून ओढली तर मोटर फिरत राहते, त्यात ती बिघडू शकते. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी 1033 आहे.

कोल्हापूरच्या पुढे निपाणी, उत्तूर, आजरा, आंबोली असा रस्ता धरलात तर कोल्हापूरला 80 चा नियम मोडून 90-95 करून निघा. पुढे पर्याय विरळ होत जातात, आणि घाटात धुकं असलं तर फिरत बसायची इच्छाही राहत नाही. जेवण तिथेच उरकलं तर वेळ वाया गेल्यासारखा वाटत नाही.

सावंतवाडीत घरच्या 15 अँपिअरच्या सॉकेटवर तासाला तीनेक युनिट जातात, म्हणजे संध्याकाळी लावली की सकाळपर्यंत 30-35 युनिट. अट एकच, अर्थिंग हवं. कोकणातल्या जुन्या घरांत तिसऱ्या भोकात पुष्कळदा वायरच नसते, आणि मग चार्जर लाल दिवा दाखवून बसून राहतो. गावातल्या वायरमनला आधी फोन करून बघून घ्यायला सांगा. विहिरीच्या पंपाचा सॉकेट बहुतेक वेळा चालतो. एक्स्टेंशन जाड वायरचीच घ्या आणि ती पूर्ण उलगडून ठेवा, गुंडाळी तशीच राहिली तर तापते. नातेवाइकांकडे उतरणार असाल तर रात्रीच्या युनिटचे पैसे निघताना काकूंच्या हातावर ठेवा. त्या घेणार नाहीत, तरी ठेवा.

जाऊन आलात की आंबोलीच्या अलीकडे कुठे गन चालू मिळाली ते इथे लिहा. माझ्या वहीत आजऱ्याचं पान अजून कोरं आहे.