स्टोमाभोवतीचा फुगवटा: वडिलांच्या हर्नियाबद्दल विचारणाऱ्या ताईंना

नमस्कार ताई. वडिलांचे वय 64, गुदाशयाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेला आठ महिने झाले, कोलोस्टोमी (मोठे आतडे पोटावर बाहेर आणून मल पिशवीत घेण्याची सोय) कायमची आहे आणि दिवाळीनंतर स्टोमाशेजारी, म्हणजे पोटावरच्या आतड्याच्या त्या तोंडाशेजारी, फुगवटा दिसू लागला, असे आपण लिहिले आहे. सर्जननी हर्निया असल्याचे सांगून सध्या काही करायचे नाही म्हटले, औषधाच्या दुकानातून आणलेला पट्टा बांधला की पिशवी गळते, आणि गॅसचा सिलिंडर सरकवल्यामुळेच हे झाले असा ठपका घरात वडिलांवर बसला आहे. माझ्या कोलोस्टोमीला 11 वर्षे झाली असून त्यातली नऊ वर्षे हर्निया सोबत आहे. त्या अनुभवातून आणि वेळोवेळी सर्जन व स्टोमा परिचारिकांकडून जे शिकलो त्यातून लिहितो.

सर्वांत आधी तो ठपका काढून टाका. स्टोमा करताना पोटाच्या स्नायूंच्या भिंतीला मुद्दाम एक छिद्र करावेच लागते, कारण आतडे त्यातूनच बाहेर आणायचे असते. आपण खोकतो, उठतो, कुंथतो त्या प्रत्येक वेळी पोटातला दाब त्या छिद्राच्या कडांवर येतो, कडा हळूहळू ताणल्या जातात, आणि आतड्याचे वेटोळे किंवा पोटातली चरबी स्टोमाच्या शेजारून कातडीखाली सरकते. युरोपातील हर्निया तज्ज्ञांच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये असा अंदाज दिला आहे की स्टोमानंतर वर्षभरात 30 टक्क्यांहून अधिक, दोन वर्षांत सुमारे 40 टक्के आणि पुढे निम्म्या किंवा त्याहून अधिक लोकांना हा हर्निया होतो. म्हणजे ही अतिशय नेहमीची गोष्ट आहे. भरलेला सिलिंडर सुमारे 30 किलोचा असतो आणि तो त्यांनी यापुढे हलवू नये हे खरेच. पण एका दिवसाच्या एका कृतीने हर्निया झाला असे कोणालाही म्हणता येणार नाही. अपराधी वाटून घेणारा माणूस दुखले तरी सांगत नाही, आणि या आजारात न सांगणे धोक्याचे ठरते.

आता पिशवी गळण्याबद्दल, कारण रोजचा खरा त्रास तोच आहे. फुगवटा आला की स्टोमाभोवतालची कातडी ताणली जाते, सपाट पोट गोलाकार होते आणि स्टोमाचे तोंडही बहुधा मोठे किंवा लंबगोल होते. आपण मात्र शस्त्रक्रियेनंतर मिळालेल्या जुन्या मापानेच प्लेट (पिशवीचा कातडीला चिकटणारा भाग) कापत राहतो. माझी सहा महिने हीच चूक होत होती, आणि कातडी लाल होऊन सोलली गेली तेव्हा कुठे परिचारिकेने पुन्हा माप घेतले. वडिलांचे माप एकदा आडवे असताना आणि एकदा उभे असताना घ्या. दोन्हींत फरक दिसेल. प्लेटचे छिद्र स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठे असावे, पण उभे राहिल्यावर स्टोमा त्यात आवळला जाता कामा नये. कडक कड्याची दोन भागांची पिशवी गोल पोटावर वाकत नाही आणि तिची कड सुटते, म्हणून बहुतेकांना मऊ, लवचीक, एकसंध पिशवी सोयीची पडते. प्लेटच्या बाहेरच्या कडेला फुलाच्या पाकळ्यांसारखे चार-पाच छोटे छेद दिले की ती उंचवट्यावर सुरकुती न पडता बसते. छेद मधल्या छिद्रापर्यंत जाऊ देऊ नका. मध्यभागी फुगीर असलेली प्लेट हर्नियावर परिचारिकेला विचारल्याशिवाय लावू नये, कारण तिच्या दाबाने ताणलेली कातडी दुखावते. फुगवट्यामुळे वडिलांना स्टोमाची खालची बाजू दिसत नसेल, तर कंबरेच्या उंचीवर एक आरसा लावून द्या. माझ्या स्वतःच्या हाताने पिशवी बदलणे त्या आरशामुळेच पुन्हा जमू लागले, आणि त्याचे मोल मला फार वाटते.

पट्ट्याबद्दल सविस्तर सांगायला हवे. दुकानात सहज मिळतो तो पोटाचा पट्टा बहुधा बाळंतपणानंतर किंवा पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर बांधायचा असतो. तो स्टोमावर सपाट दाबतो, त्यामुळे मल खाली पिशवीत न सरकता तोंडाशीच साचतो आणि प्लेटखाली शिरतो. वडिलांची पिशवी गळण्याचे हे कारण असण्याची शक्यता मोठी आहे. हर्नियासाठीचा पट्टा रुंद आणि लवचीक असतो आणि त्याला पिशवी बाहेर काढण्यासाठी छिद्र ठेवता येते. ते छिद्र प्लेटच्या मापाशी जुळले पाहिजे, कारण फार मोठे असले तर त्यातूनच फुगवटा बाहेर येतो. म्हणून पट्टा माप देऊन करवून घेणे चांगले. सकाळी उठण्यापूर्वी, पाठीवर आडवे असतानाच, फुगवटा आत बसू द्यावा, तळहाताने हलकेच आधार द्यावा आणि मग पट्टा लावावा. उभ्याने बांधला तर बाहेर आलेले आतडे बाहेरच दाबले जाते. रात्री तो काढावा. एकदा मी रात्रभराच्या रेल्वे प्रवासात पट्टा आवळून बांधूनच झोपलो. पहाटे पोटात कळा सुरू झाल्या आणि पिशवी कोरडी होती. पट्टा काढून आडवा झाल्यावर तासाभराने वाट मोकळी झाली, पण त्या तासाची भीती मी विसरलेलो नाही. पट्ट्याने हर्निया बरा होत नाही. ओढ आणि कंबरदुखी कमी होते, चालताना आधार वाटतो, आणि तेवढ्यासाठीच तो वापरायचा.

पोटातला दाब वाढवणारी कारणे शोधून काढा. जुनाट खोकला, तंबाखू किंवा विडी, वाढलेले वजन, बद्धकोष्ठ, आणि त्यांच्या वयात प्रोस्टेटमुळे लघवीला जोर लावावा लागणे, या शेवटच्या कारणाकडे फार कमी लोकांचे लक्ष जाते. वेदनाशामक किंवा लोहाच्या गोळ्यांनी मल घट्ट होत असेल तर डॉक्टरांना सांगा. खोकताना किंवा शिंकताना स्टोमावर तळहात ठेवण्याची सवय लावावी. अंथरुणातून सरळ उठू नये. कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हाताच्या जोरावर उठावे. पंगतीला किंवा पूजेला जमिनीवर बसून उठताना पोटावर फार ताण येतो, तेव्हा त्यांच्यासाठी खुर्ची मांडा आणि त्याबद्दल कोणी कुरकुर करत असेल तर तुम्हीच समजावा. पाण्याने भरलेली वीस लिटरची बादली वीस किलोची होते, हे आपल्या लक्षात राहत नाही. चालणे मात्र रोज असावे.

शस्त्रक्रियेचा निर्णय फुगवट्याच्या आकारावरून होत नाही, त्रासावरून होतो. वारंवार अडथळा येणे, सतत दुखणे, काही केल्या पिशवी न टिकणे ही तिची कारणे आहेत. नुसते टाके घालून छिद्र लहान केले तर हर्निया पुन्हा होण्याचे प्रमाण फार मोठे आहे, आणि स्टोमा दुसऱ्या जागी हलवला तर नव्या जागीही तो होऊ शकतो. म्हणून आता पोटाच्या भिंतीला आधार देणारी कृत्रिम जाळी बसवतात. त्यातली शुगरबेकर पद्धत, जी 1985 मध्ये प्रथम मांडली गेली, तिच्यात आतडे जाळीच्या आडून बाजूने नेले जाते. तरीही हर्निया परतण्याची शक्यता शून्य होत नाही. आठ महिन्यांत, त्रास माफक असताना, सर्जननी थांबायला सांगितले ते मला योग्य वाटते. पुढच्या भेटीत वडिलांना उभे करून, खोकायला लावून तपासा अशी विनंती करा, कारण आडवे असताना अनेक हर्निया दिसतच नाहीत.

एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या. फुगवटा कडक होऊन आडवे झाल्यावरही आत जात नसेल, तीव्र वेदना असतील, उलट्या होत असतील, मल आणि वायू दोन्ही बंद झाले असतील, किंवा नेहमी लालसर ओला दिसणारा स्टोमा जांभळा वा काळा पडू लागला असेल, तर जुलाबाचे औषध देऊ नका, काही खायला देऊ नका, फुगवटा जोराने आत ढकलू नका. रात्रीची वेळ असली तरी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच घेऊन जा आणि स्टोमाच्या हर्नियाचा रुग्ण आहे हे दारातच सांगा.

पट्टा आणि प्लेट यांसाठी स्टोमा परिचारिकेला एकदा प्रत्यक्ष दाखवाच. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयात स्टोमा क्लिनिक आहे आणि ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडियाही तिथलीच आहे. आपण दूर असाल तर वडिलांच्या सर्जनकडूनच जवळच्या परिचारिकेचे नाव मिळवा. तोपर्यंत तो दुकानातला पट्टा बाजूला ठेवा आणि स्टोमाची आडव्याने व उभ्याने घेतलेली दोन्ही मापे तारखेसह लिहून ठेवा. ती मला कळवलीत तर प्लेट कशी कापायची ते मी पायरीपायरीने लिहून देईन.